दमणारा रेडिओ

रेडिओ दुरुस्त करायला मला कधी अर्धा दिवस लागला, कधी अर्धं मिनिट. पण तो खरोखर दुरुस्त झालाय की नाही, हे कळायला अख्खा दिवस लागतो. हे गिऱ्हाइकांना पटवता पटवता माझी उमर गेली. भोरच्या बाजारपेठेत माझ्या टेबलावर सेट बोलायला लागला की गिऱ्हाईक लगेच हात पुढे करायचं, "द्या इकडं, झाला की." मी म्हणायचो, "झाला नाही, नुसता शुद्धीवर आलाय. उद्या या." लोकांना वाटायचं, मुलाणी मिस्त्री भाव खातोय. थोडा खातही असेन.

पण त्यामागे कारण होतं. सेट सकाळी चालू करून दुकान बंद होईपर्यंत बोलता ठेवायचा, ही आमची चाचणी. सकाळी शास्त्रीय गाणं असायचं आणि गाण्याआधी तानपुरा. तानपुऱ्याइतका चोख पोलीस आमच्या धंद्यात दुसरा नाही. सेटमध्ये जराशी घरघर असली तरी त्या लांबच लांब सुरात ती उघडी पडते. सिनेमाच्या गाण्यात तिला लपायला शंभर जागा असतात. तबल्याचा डग्गा घुमला की फाटलेला स्पीकर फडफडून गुन्हा कबूल करतो. नाटक असलं तर आणखी उत्तम. नाटकात माणसं बोलतात तेव्हा नाही, गप्प बसतात तेव्हा कान द्यायचा. बाई विचारते, "मग तुम्ही काय ठरवलंत?" आणि पुरुष उत्तर देत नाही. तेवढ्या शांततेत खरखर ऐकू आली की झाकण पुन्हा उघडायचं.

यातून माझा एक फायदा झाला आणि एक नुकसान. फायदा असा की दहावीच्या पुढे न गेलेला, घरात गाण्याचा वारसा नसलेला मी रोज दोन-दोन तास उत्तमोत्तम गवई ऐकत आलो. तोडी कुठली आणि जौनपुरी कुठली, ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. नुकसान असं की मी गाणं ऐकलंच नाही, दोष ऐकले. एखाद्या बाईंनी वरचा षड्ज असा लावावा की समोरच्या चहावाल्याचा हात गाळणीवर थांबावा, आणि मी म्हणावं, "वा, स्पीकर फाटत नाही." याचं मला आता वाईट वाटतं.

गिऱ्हाइकंही एकेक नग भेटली. भोंगवलीचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांची तक्रार अशी की सेटमधला तबला हल्ली घाई करतो. मी दोन दिवस धुंडाळलं, सेट ठणठणीत होता. मग एकदा त्यांना समोर बसवून गाणं लावलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मास्तर पायानं ताल धरायचे आणि वयामुळे तो पायच मागे पडत होता. हे सांगायचं कसं? मी एक स्क्रू आवळल्यासारखं केलं आणि म्हटलं, "आता सावकाश वाजेल." आठ दिवसांनी मास्तर पेढे घेऊन आले. दुसरा एक कामथडीजवळ हायवेला हॉटेल चालवणारा. त्याच्या मोठ्या सेटमध्ये उंदरीण व्याली होती. मी पिल्लं बाहेर काढायला निघालो तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "डोळं उगडूं द्या त्यांचं, मंग बगू. तवर मला तुमचा येखादा द्या." मी दिला. असल्या लोकांमुळे धंद्यात टिकलो.

पण मला लिहायचंय ते भागाबाईंच्या सेटबद्दल.

दुकान आता माझ्या मुलाचं आहे, मोबाईलचं. कोपऱ्यात एक टेबल माझ्यासाठी ठेवलंय. महिन्यात दोन-चार रेडिओ येतात, तेही बहुतेक म्हाताऱ्या माणसांचे. गेल्या वर्षी एका दुपारी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन एक बाई आत आली. सत्तरीच्या पुढची, वाळकी, ताठ. वेल्ह्याच्या वर डोंगरात धनगरांची दहा-बारा घरांची वस्ती आहे, तिथली. मुलं पुण्याला कामाला, वस्तीवर नवरा-बायको, चार म्हशी आणि शेरडं. सकाळी डोंगर उतरून, जीप आणि एसटी करून ती भोरला आली होती.

"मिस्त्री, ह्यो बोलंना झालाय," तिनं गाठोडं सोडलं. "पंधरा दिसांत बोलला पायजे."

"एवढी कसली घाई?"

तिनं सांगितलं. पंधरा दिवसांनी रेडिओ स्टेशनचा वाढदिवस होता. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसतं शास्त्रीय गाणं आणि जुन्या फितींवरची नाटकं लावणार होते. सेट बंद पडायच्या आदल्याच दिवशी तिनं नाटकांची नावं ऐकली होती. दुपारी एक वाजता लागणारं नाटक तिच्या ओळखीचं होतं.

"त्ये आमी आयकलंय. अर्धं."

"अर्धं का?"

"ह्यो दमतो न्हवं."

"कोण?"

"ह्योच की." तिनं सेटवर हात ठेवला. "तासभर चांगला बोलतो. मंग गप हुतो. सावलीत ठिवायचा, वरनं वलं फडकं टाकायचं. घटकाभरानं पुन्ना बोलतो. ह्याचा सोभावच त्यो. जनावर दमतं, मानूस दमतं, तसा त्यो बी दमतो."

मी पेचकस खाली ठेवला. माझ्या आयुष्यात रेडिओबद्दल ऐकलेल्या तक्रारींत ही पहिलीच अशी होती, की जी तक्रार नव्हती. तिच्या हिशेबी सेट बिघडलेला नव्हताच, म्हणून इतक्या वर्षांत तो कुणाला दाखवलाही नव्हता.

"मग राहिलेलं नाटक कसं कळायचं तुम्हाला?"

"मी सांगती की," ती सहज म्हणाली. "ह्ये इचारत्यात, म्होरं काय झालं आसंल? मंग मी सांगती."

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं कळलं. चाळीसएक वर्षांत त्या दोघांनी रेडिओवरची शेकडो नाटकं ऐकली होती आणि त्यांतल्या एकाही मोठ्या नाटकाचा शेवट ऐकला नव्हता. तासाभरानं सेट दमायचा, की त्याला सावलीत निजवून भागाबाई उरलेलं नाटक स्वतः रचून नवऱ्याला सांगायची. खुनी कोण ते तीच ठरवायची, भाऊ परत यायचा की नाही तेही तीच ठरवायची. एक वाजता लागणारं हे एकच नाटक मात्र तिच्या मनात अडकून राहिलं होतं. एक मास्तरीणबाई पत्र्याची पेटी घेऊन पहाटे घर सोडते आणि एसटी स्टँडवर येऊन बसते. नवऱ्याचं आणि तिचं काय बिनसलंय ते हळूहळू कळतं. लांबून गाडीचा हॉर्न ऐकू येतो आणि तिथं रेडिओ दमलेला.

"ती गेली का मागारी फिरली, त्ये मी धा येळा सांगितलं आसंल, धा येळा निराळं. ह्ये म्हनत्यात समदंच खरं. पर आसं कसं? खरं येकच आसतंय. त्ये येकदा आयकायचंय, मिस्त्री. पुन्ना कवा लावत्याल ते, आन लावलं तर आमी आसू का, कुनाला ठावं."

मी म्हटलं, "ऐकवतो, सेट मीच वर आणून देतो. माझी जबान."

ती गेल्यावर मी झाकण उघडलं. सेल फुटून त्याचं पाणी बटणाच्या स्विचपर्यंत गेलं होतं आणि सगळं हिरवं पडलं होतं. त्यात विशेष काही नव्हतं. पण कॉइलच्या स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचे थेंब दिसले आणि मी भिंग डोळ्याला लावलं. स्क्रू हलू नयेत म्हणून तसा थेंब लावायची माझी पद्धत होती. पॉलिश माझ्या बहिणीचं असायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलनं माझं नाव होतं. म्हणजे हा सेट माझ्या हाताखालून गेलेला होता.

मग दोष शोधायला वेळ लागला नाही. आवाज मोठा करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या एका पायाला मी कथील वितळवून नवा डाग दिला होता आणि तो कच्चा होता. चांगला डाग आरशासारखा चकाकतो. कच्चा डाग मळका असतो, त्याच्याभोवती केसाएवढी गोल फट असते. थंड असताना तो पकडून राहतो, तापला की सोडतो, निवला की पुन्हा पकडतो. ही चूक दहा-पंधरा मिनिटांच्या चाचणीत सापडत नाही. ती सापडावी म्हणून तर दिवसभराची चाचणी असते.

आणि मग तो दिवस आठवला. दुकानात एक उंच, लाजरा धनगर उभा होता, भागाबाईचा नवरा कोंडिबा. त्याला वेल्ह्याची गाडी पकडायची होती. पण मी घाई केली त्याचं खरं कारण ते नव्हतं. एरवी मी त्याला "उद्या या" म्हणून वाटेला लावलं असतं. त्या दिवशी मला सासवडला मुलगी बघायला जायचं होतं, बाहेर मामूंनी जीप चालू ठेवली होती. मी दहा मिनिटं सेट वाजवला आणि "झाला" म्हणून हातात दिला. मुलगी पसंत पडली, संसार सुखाचा झाला. आणि इकडे दोन माणसं चाळीस वर्षं अर्धी नाटकं ऐकत राहिली.

डाग मी त्याच क्षणी पक्का केला. पण बटणाचा जुन्या मापाचा स्विच पुण्याहून यायचा होता आणि तो आला नेमका वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मुलगा म्हणाला, "अब्बा, त्यांना नवा सेट देऊन टाका ना." मी स्विच बसवायला घेतला. सेट तर मी घेऊन जाणार होतोच. पण दिवसभराची चाचणी राहिली होती आणि ती एकदा टाळल्याचं फळ मी बघत होतो. ठरवलं, सकाळीच वस्तीवर पोचायचं आणि चाचणी तिच्या अंगणात करायची. आणि जमलं तर खरं काय ते सांगून टाकायचं.

पहिल्या एसटीनं निघालो. सेट मांडीवर घेऊन चालू केला, पण एसटीच्या पत्र्याच्या डब्यात मीडियम वेव्ह शिरत नाही. नुसतं खर्र. कंडक्टर म्हणाला, "चाचा, बिघडलाय त्यो." मी म्हटलं, "तुमची गाडी बिघडलीय." वेल्ह्याहून जीप जाते तिथवर गेलो आणि पुढं तासभर चढलो. गुडघ्यांनी वाटेत दोनदा राजीनामा दिला. वर पोचलो तेव्हा उन्हं अंगणात आली होती. पलीकडच्या बाजूला, खाली लांब, पानशेतचं पाणी दिसत होतं.

कोंडिबा ओट्यावर बसलेला. आता पायानं अधू, पण उंची तशीच. भागाबाईनं जांभळीखालचा सपाट दगड धुऊन ठेवला होता. मी सेट ठेवला, तिनं तो उचलून जरा तिरका ठेवला. "ह्या अंगाला तोंड क्येलं की साफ येतंय." सेटच्या आतली एरियलची कांडी स्टेशनला आडवी राहिली की आवाज चांगला येतो, हे आम्ही शिकून घेतो. तिनं ते स्वतः शोधून काढलं होतं, दगडावर खूण करून ठेवली होती.

सकाळच्या गाण्याची वेळ होती. जुनी फीत असावी, एक वयस्कर गवई जौनपुरी गात होते. भागाबाई शेणाचे हात धुऊन उकिडवी बसली. मी सवयीनं घरघर शोधत होतो, ती नव्हती. बाई म्हणाली, "ह्यो मानूस जागा हुडकतोय. शेरडू बसायच्या आदी भुई हुंगतंय न्हवं, तसा. घाई न्हाई त्याला. आता बगा, बसंल." आणि खरोखर, तिचं वाक्य संपतंय तोवर बुवा फिरत फिरत आले आणि षड्जावर अल्लद टेकले. जौनपुरी मी हजारदा ऐकली असेल. हे हुंगणं मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

पण पाऊण तास झाला नाही तोच भागाबाई उठली आणि तिनं खटकन बटण बंद केलं.

"अहो, राहू द्या," मी म्हटलं. "मला दिवसभर चालवून बघायचाय."

"तुमची चाचनी हुईल आन माजं नाटक जाईल. नाटकाला ताजा पायजे त्यो."

"आता नाही दमणार."

"आसं तुमी म्हनता. त्याला कुठं ठावं?"

तीच वेळ होती सांगायची. बाई, तो कधीच दमत नव्हता, माझा डाग कच्चा होता, मला मुलगी बघायला जायचं होतं. शब्द ओठांवर आले आणि परत फिरले. चाळीस वर्षं "मुलाणींचा हात लागला की सेट पुन्हा येत नाही" असं लोक म्हणत आले, ते मी ऐकत आलो. हा सेटही इतकी वर्षं परत आला नव्हता, हे खरंच होतं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तिनं सेट माठाशेजारी सावलीत ठेवला, त्यावर ओलं फडकं टाकलं आणि मी स्टेशनच्या वाढदिवसाचे पुढचे दोन तास, ज्यांत एक सतारवादन होतं आणि एक मोठ्या बाईंचं गाणं होतं, एका ओल्या फडक्याकडे बघत काढले.

नाचणीची भाकरी, ठेचा आणि ताक झालं. एक वाजायला आला. भागाबाईनं सेट दगडावर मांडला, खुणेला खूण मिळवली आणि आम्ही तिघं बसलो.

नाटक खरंच चांगलं होतं. जुन्या काळचं, सावकाश चालणारं. पहाटेची कोंबडी, दाराची कडी, रस्त्यावरची पावलं, स्टँडवर पेटी टेकवल्याचा आवाज. मास्तरीणबाईचं काम करणारी नटी फार हळू बोलायची, त्यामुळे ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं. कोंडिबा डोळे मिटून होता. भागाबाई ओठ हलवत होती, पहिला तास तिला पाठ होता. माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे. पंचावन्न मिनिटं झाली. साठ झाली. डाग मी माझ्या डोळ्यांनी चकाकताना पाहिला होता, तरी मी खिशातला पेचकस चाचपला.

लांबून गाडीचा हॉर्न ऐकू आला. त्याबरोबर कोंडिबा काठीला रेटा देऊन उठला आणि त्यानं ओलं फडकं हातात घेतलं. "दमला आसंल आता," म्हणत तो दगडाकडे आला.

"थांबा," मी म्हटलं. "तो दमत नाही. कधीच दमत नव्हता. चूक माझी होती. मी डाग कच्चा दिला होता, त्या दिवशी मला..."

"गप ऱ्हावा वो," भागाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली. "आयकू द्या."

पंधरा दिवस उराशी बाळगलेली कबुली अशी चुलीत गेली. कोंडिबा फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला. सेट बोलत राहिला.

गाडी आली, थांबली. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढायचंय का?" बाई काही बोलली नाही. गाडी गेली. मग कुणीतरी चालत आलं, बाकावर बसलं. तिचा नवरा. दोघं बराच वेळ बोलले नाहीत, आणि त्या शांततेत, मी शपथेवर सांगतो, खरखरीचा कणही नव्हता. मग पावलं वाजली. नवऱ्यानं पेटी उचलली. दोघांची पावलं चालू लागली. बासरी वाजली आणि नाटक संपलं. ती दोघं घराकडे निघाली की पुढच्या गावाकडे, ते काही सांगितलं नाही.

"मंजी?" कोंडिबा म्हणाला.

भागाबाई सेटकडे बघत होती. निवेदिकेनं कलाकारांची नावं वाचली, तीही तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग "झालं व्हय? येवडंच?" म्हणून ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. तिचा चेहरा बघवत नव्हता. चाळीस वर्षं दारात ताटकळावं आणि दार उघडल्यावर आत कुणीच नसावं, तसं झालं होतं. मला वाटलं, याहून कच्चा डाग बरा होता.

कोंडिबा माझ्याजवळ येऊन बसला. आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्त्री, डागाचं मला काय ठावं न्हवतं. पर तळाला चापट मारली की बोलतोय, त्ये ठावं हुतं."

"कधीपासून?"

"पयल्याच वर्सापासनं. गप झाला तवा शेरडानं धक्का दिला, खाली पडला आन लागला की बोलाया. ही पान्याला गेली हुती. म्या बटन बंद क्येलं."

"आणि तिला सांगितलं नाही?"

त्यानं घराच्या दाराकडे पाहिलं. "ती तशी बोलत न्हाई. म्हशी, शेन, पानी, दिसभरात चार शबुद. लगीन झालं तवा मला वाटलं, मुकीच दिली का काय. पर त्यो गप झाला की बोलायची. आसं बोलायची मिस्त्री, आसं बोलायची... म्या त्यासाटीच तर वाट बगायचो, कवा दमतोय म्हनून." त्यानं फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "त्यो डाग पुन्ना कच्चा करता यील का?"

लोकांनी माझ्याकडे नाही नाही ते मागितलं. दुसरं स्टेशन लागूच नये असं करून द्या, आवाज फक्त मलाच ऐकू येईल असं करून द्या. चांगला सेट बिघडवून द्या, असं कुणी म्हटलं नव्हतं. बिघडवणं अवघड नसतं. डाग पक्का करायला हुन्नर लागतं, कच्चा करायला घाई पुरते. पण माझा हात धजावेना आणि त्या म्हाताऱ्याला नाही म्हणायला जीभही उचलेना. ज्या चुकीनं माझी पंधरा दिवस झोप उडवली होती, त्या चुकीवर एका माणसाचा संसार सुखात चालला होता.

भागाबाई चहा घेऊन आली. कप ठेवले, उकिडवी बसली. रेडिओवर पुढचं गाणं सुरू झालं होतं. भीमपलास, कुणी बाई गात होत्या, आवाज असा की काय सांगावं. आम्ही दोघं चहा प्यायलो. ती प्यायली नाही.

"त्यानं पेटी उचलली," ती एकदम म्हणाली.

"व्हय," कोंडिबा म्हणाला.

"आयकलं का तुमी ध्यान दिऊन? कडी कशी खुळखुळली?" ती माझ्याकडे वळली. "भरल्या पेटीची कडी खुळखुळत न्हाई, मिस्त्री. वजानानं ताठ ऱ्हाती. आन बाईनं सकाळी बाकावर टेकवली तवा बी पोकळच वाजली हुती. तवा माज्या ध्यानात आलं न्हाई. ती पेटी रिकामी हुती."

केंद्रातल्या कुणीतरी आवाज काढायला रिकामी पेटी आणली असेल, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण मी ते बोललो नाही. नाटकातल्या शांतता तपासण्यात माझा जन्म गेला आणि पेटी रिकामी आहे हे मला ऐकू आलं नव्हतं.

"घर सोडून जानारी बाई रिकामी पेटी कशाला घिऊन जाईल?" भागाबाई म्हणाली. "त्यानं उचलली तवा त्याला बी कळलं. पर त्यो बोलला न्हाई. का न्हाई बोलला, सांगती..."

कोंडिबानं काठी बाजूला ठेवली आणि पाय लांब केले. भीमपलास ऐन रंगात आला होता. बाई गंधारावर अशा थांबल्या होत्या की एरवी मी हातातलं काम टाकून दिलं असतं. सेटचा आवाज स्वच्छ होता, कुठं घरघर नाही, कुठं खरखर नाही. चाचणीचे अजून तीन तास बाकी होते. मी हात लांब केला आणि रेडिओ बंद केला, कारण मास्तरीणबाईचा नवरा पेटी हातात घेऊन अजून रस्त्यातच उभा होता आणि मला शेवट ऐकायचा होता.